उडते शिकारी पक्षी आणि कातरलेले आकाश

शिकारी पक्ष्यांच्या छायाचित्रांना आता तोटा राहिलेला नाही. दिनदर्शिका, वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, वनविभागाची भित्तिपत्रके आणि आता प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल, सगळीकडे गरुड, ससाणे आणि घुबडे झेपावत असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही असे एखादे चित्र भिंतीवर असतेच. त्यांपैकी दहा चित्रे शेजारी शेजारी मांडून पाहिली तर ती बहुतेक एकाच साच्यातली दिसतात. पक्षी समोरून येतो आहे, पंजे पुढे काढलेले आहेत, पिवळा डोळा थेट आपल्याकडे रोखलेला आहे आणि मागे सायीसारखी मऊ, पुसट पार्श्वभूमी आहे. पक्षी चौकटीच्या चारही कडांना भिडलेला. खाली छायाचित्रकाराचे नाव असते, कधी कॅमेऱ्याचेही. पक्षी कुठे होता, कोणत्या महिन्यात होता आणि काय करत होता हे सहसा नसते.

या साच्याविषयी आमची तक्रार आहे, आणि ती केवळ सौंदर्यदृष्टीची नाही. अशी चित्रे वर्गात नेली की विद्यार्थी 'वा!' म्हणतात आणि तिथेच गोष्ट संपते. विचारण्याजोगा प्रश्न चित्रात उरलेला नसतो. उडत्या शिकारी पक्ष्याची ओळख त्याच्या चेहऱ्यापेक्षा पंखांची खालची बाजू, शेपटीचे पट्टे, पंख धरण्याची ढब आणि पंखांच्या टोकाची 'बोटे' यांवर अधिक ठरते. समोरून काढलेल्या चित्रात नेमके हेच झाकले जाते.

खानदेशातलेच उदाहरण घेऊ. हिवाळ्यात धुळे-जळगावच्या माळरानांवर आणि पिकांवरून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उडताना दिसतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून ते आपल्याकडे येतात. जमिनीपासून दोन-तीन मीटरांवरून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून, डोलत डोलत ते शेताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. खाली नाकतोडा, उंदीर किंवा लहान पक्षी हलला की वळून झडप घालतात. यांतला माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन ओळखणे म्हणजे अनुभवी निरीक्षकाचीही परीक्षा असते. नर त्यातल्या त्यात सोपे. दोन्ही राखाडी, पण पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते, तर माँटेग्यूच्या पंखावर वरून काळी पट्टी आडवी गेलेली असते. माद्या आणि पिल्ले मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली, एकमेकींसारखी. त्यांच्यासाठी मानेवर फिकट गळपट्टा आहे का, गालावरचा गडद भाग केवढा आहे, पंखाखालच्या दुय्यम पिसांवरचे पट्टे सारखे आहेत की अंगाकडे काळवंडत जातात, हे सगळे पाहावे लागते. पक्षी दोन सेकंदांत बांधापलीकडे जातो. एवढ्या वेळात हे सर्व टिपणे माणसाच्या डोळ्याला अवघड आहे, पण छायाचित्राला साध्य आहे.

म्हणजे इथे छायाचित्र डोळ्याला जे जमत नाही ते करते, आणि त्याचे खरे सामर्थ्य आम्ही यातच मानतो. पण हे काम करणारे चित्र दिसायला कसे असते? पक्षी बाजूने चाललेला, किंचित वर, पंख पूर्ण उघडलेले, डोळा बहुधा सावलीत. चौकटीत पक्षी एक-चतुर्थांशही नसतो. स्पर्धेत असे चित्र पहिल्याच चाळणीत बाद होईल.

छायाचित्र पुरावा म्हणून किती कामाचे आणि किती फसवे असू शकते, याचा धडा खानदेशातच घडला आहे. तो थोडा सविस्तर सांगतो, कारण विज्ञानाची पद्धत शिकवायला याहून चांगली गोष्ट शिक्षकाला क्वचितच सापडेल.

रानपिंगळा हे जेमतेम २३ सेंटिमीटर लांबीचे घुबड. गावातल्या वडाच्या ढोलीत राहणारा आपला नेहमीचा पिंगळा आणि हा, दोघे चटकन पाहिले तर सारखेच वाटतात. ब्लेविट या अधिकाऱ्याने १८७२ साली आजच्या छत्तीसगडात याचा पहिला नमुना मिळवला आणि ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात आणखी नमुने गोळा केले. याच डेव्हिडसनने १८८२ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी छापली होती. शेवटचा खरा नमुना १८८४चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले आणि पक्षी दिसेनासा झाला.

मधल्या काळात रानपिंगळा सापडल्याचे दावे झाले, छायाचित्रेही पुढे आली. तपासाअंती ती साध्या पिंगळ्याची ठरली. ही चित्रे कुणी खोडसाळपणाने काढलेली होती असे मानण्याचे कारण नाही. झाडावर बसलेला पिंगळा समोरून पाहिला, छातीवरचे पट्टे जरा रुंद वाटले, आणि आपल्याला जे हवे होते ते दिसले. चित्र खोटे नसते. त्याखालची ओळ चुकीची असते.

खरा खोटेपणा दुसरीकडे होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्या संग्रहातला एक रानपिंगळा गुजरातेत मांडवीजवळ १९१४ साली मिळवल्याची चिठ्ठी लावली होती. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या पॅमेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी केली, आतल्या भरणीची आणि शिवणीची पद्धत पाहिली, आणि तो डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, उसवून, पुन्हा भरलेला असल्याचे दाखवून दिले. चिठ्ठीवरचे ठिकाण आणि साल दोन्ही बनावट होते. या बनावट चिठ्ठीने शोध घेणाऱ्यांना चुकीच्या जागी धाडले होते. ती बाजूला काढल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे उरली आणि त्यांत शहादे होते.

२५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना रानपिंगळा दिसला. दिवसाउजेडी, उघड्या झाडावर बसलेला. त्यांनी त्याचे चलत्‌चित्रण केले आणि छायाचित्रे घेतली. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. या तिघांना चित्रात काय हवे आहे हे आधीच ठाऊक होते, कारण ते संग्रहालयातले नमुने तपासून आले होते. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. ही लक्षणे चित्रात आली म्हणून ते चित्र पुरावा झाले. उडताना दिसणारे आणखी एक लक्षण आहे. पंखाखाली, मनगटाच्या सांध्यापाशी, गडद डाग. बसलेल्या पक्ष्याच्या कितीही देखण्या चित्रात हा डाग दिसणार नाही. झाडावरून झाडावर जाताना खालून घेतलेले एखादे हललेले चित्र तो दाखवून जाईल.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. '११३ वर्षे कुणालाही न दिसलेला पक्षी' असे या शोधाविषयी सर्रास लिहिले जाते. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा लोक राहतच होते, गुरे चारत होते, सागाच्या रानात फिरत होते आणि हा पक्षी दिवसा हिंडणारा आहे. त्यांना तो दिसला नसेल हे संभवत नाही. दिसणे आणि नोंद होणे यांत फरक आहे, आणि कॅमेऱ्याने हा फरक मिटवलेला नाही. उलट कधी कधी तो वाढवला आहे. आज लांब भिंगाचा महागडा कॅमेरा ज्याच्या गळ्यात आहे त्याची नोंद लगेच मान्य होते. दुर्बीण, वही आणि वीस वर्षांचा अनुभव असलेल्या गावातल्या शिक्षकाला मात्र 'फोटो आहे का?' असे विचारून गप्प केले जाते. हा न्याय नाही. वहीतल्या नोंदीत तारीख, वेळ, हवामान, पक्ष्याची हालचाल आणि आवाज असतो. चित्रात त्यातले फारच थोडे येते. साध्या पिंगळ्याच्या चित्रांनी जी फसगत केली ती सोबत नीट वही असती तर कदाचित टळली असती.

आता चौकटीच्या कडांकडे येऊ. संगणकावर चित्र कातरणे आज बोटाच्या हालचालीचे काम झाले आहे. पक्षी लहान आला तर भोवतालचे आकाश, झाडे, तारा, शेते सगळे काढून टाकायचे आणि पक्षी तेवढा मोठा करायचा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची मोठी रांग उभी आहे. वारा जिथे उतारावर आपटून वर चढतो तिथेच पवनचक्क्या लावतात आणि तोच चढता वारा गरुड-घारींना फुकट उचलून नेतो. पात्याच्या उंचीत पक्षी किती वेळ असतात हा अशा ठिकाणचा खरा प्रश्न आहे. कॅलिफोर्नियातल्या अल्टमाँट खिंडीत तो फार महागात पडला आणि तिथे शेकडो शिकारी पक्षी पात्यांना आपटून मेले. आता समजा एखाद्याने अशा पठारावर मोरघारीचे चित्र काढले, आणि चित्र बिघडते म्हणून मागची पवनचक्की कातरून टाकली. पक्ष्याची उंची मोजण्याचे एकमेव साधन त्याने फेकून दिले. खांबाची उंची ठाऊक असते, म्हणून पक्षी पात्यांच्या वर होता की बरोबरीने हे न कातरलेल्या चित्रावरून अंदाजता येते. सुंदर चित्राने इथे माहिती पुसली.

गिधाडांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी बोचते. नव्वदीच्या दशकात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे झपाट्याने घटली आणि पंधराएक वर्षांत देशातली संख्या ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारण आहे हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये आपल्याकडे त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्याआधी गिधाडांचे चित्र काढावे असे फार कुणाला वाटले नाही. ती घाणेरडी मानली जात आणि रोज दिसत. आज एखाद्या जुन्या अल्बममध्ये गावाबाहेरच्या हाडकीवर घिरट्या घालणाऱ्या गिधाडांचे धूसर कृष्णधवल चित्र निघाले, पंखाखालचे पांढरे अस्तर त्यात ओळखू आले, आणि मागे वर्ष लिहिलेले असले, तर ते कोणत्याही पारितोषिकप्राप्त चित्राइतकेच मोलाचे आहे. शिक्षकांनी गावातल्या घरांतून अशी चित्रे शोधावीत असे आम्हांला वाटते. बैलपोळा, जत्रा, दुष्काळी कामे यांच्या चित्रांच्या वरच्या कोपऱ्यात आकाश असते. भिंगाने पाहा.

तंत्राची बाजू हलकी लेखून चालणार नाही. उडत्या पक्ष्याचे चित्र काढणे खरोखर कठीण आहे. भोवत्या सेकंदाला १० मीटर वेगाने जातो असे धरू. पडदा एक-सहस्रांश सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात पक्षी १ सेंटिमीटर सरकतो. एक-सव्वाशेंश सेकंद राहिला तर ८ सेंटिमीटर, म्हणजे पक्ष्याच्या डोक्याहून अधिक. फिल्मच्या काळात शंभर वेगाच्या फिल्मवर भर उन्हात एक-सहस्रांश सेकंद साधायला भिंगाचे छिद्र ५.६ इतके उघडावे लागे आणि लांब भिंगांत तेवढे मोठे छिद्र परवडत नसे. पुन्हा ३६ चित्रांत रीळ संपे आणि धुलाईचा खर्च वेगळा. आता एका सेकंदात वीस चित्रे निघतात. म्हणूनच ई. एच. एन. लोथर यांच्या १९४९ सालच्या भारतातील पक्षी-छायाचित्रणावरच्या ग्रंथातली चित्रे प्रामुख्याने घरट्यावरची आहेत. लपणीत बसून, पक्षी परत येण्याची वाट पाहून घेतलेली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे, तरी घरट्यावर गर्दी करणारे आहेत, आणि त्यांना लोथरचे समर्थन लागू पडत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणेही येते, हे कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

खानदेशात उजेडाचा एक खास पेच आहे. आकाशात पक्षी म्हणजे झळझळीत पार्श्वभूमीवर काळी आकृती. प्रकाशमापक आकाशाला भुलतो आणि पक्षी काळाठिक्कर येतो. वाळूवर किंवा बर्फावर जमिनीवरून परतणारा उजेड पंखांची खालची बाजू उजळतो. आपली काळी कापसाची जमीन उजेड गिळून टाकते. म्हणून इथे पंखाखालचे पट्टे हवे असतील तर सूर्य खाली असताना, सकाळी पहिल्या तास-दीड तासात किंवा मावळतीला, बाजूने येणाऱ्या उन्हात चित्र घ्यावे लागते. साडेनऊ-दहानंतर जमीन तापते, हवेचे स्तंभ वर चढू लागतात, घारी आणि गरुड त्यांवर बसून ठिपक्याएवढे होतात. जळगावचा उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा तापलेल्या हवेच्या लहरींनी लांब भिंगातले चित्र पाण्यात पाहिल्यासारखे हलते; कितीही महाग कॅमेरा असो. हतनूर धरणाच्या काठी हिवाळ्यात दलदली भोवत्या पाहायला जाणाऱ्याने हे घड्याळ लक्षात ठेवलेले बरे.

या अडचणींना सरळ तोंड देण्याऐवजी काही जण आडवाट धरतात. पांढरा उंदीर बांधून ठेवायचा आणि पक्षी झेपावला की बटण दाबायचे. उत्तर अमेरिकेत हिमघुबडांना असे आमिष दाखवण्यावरून बराच वाद झाला आहे. समोरून येणारा, पंजे पुढे काढलेला, डोळे आपल्यावर रोखलेला पक्षी अशा चित्रांत हमखास मिळतो, कारण आमिष कॅमेऱ्याच्या दिशेलाच असते. झेपावणारे प्रत्येक चित्र असे काढलेले असते असे आम्ही म्हणत नाही. संयमाने मिळवलेली अशी चित्रे आहेत. पण भक्ष्य दाखवणाऱ्या चित्रात भक्ष्य कोणते आहे ते बघावे. सातपुड्यात पांढरे उंदीर नसतात.

दुसरी आडवाट आवाजाची. रानपिंगळा आपल्या हाकेला उत्तर देतो. १९९७ नंतरच्या पाहण्यांत संशोधकांनी ध्वनिमुद्रित हाक वाजवून त्याचा शोध घेतला आणि तोरणमाळ, तळोदा, मेळघाट, पुढे जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही त्याच्या नोंदी झाल्या. ते काम मोजूनमापून, ठरावीक वेळा केलेले होते. दर रविवारी नव्या पाहुण्याने तीच हाक वाजवली तर पक्षी दर वेळी आपल्या हद्दीत घुसखोर आला असे समजून धावून येतो. शिकार सोडून आणि अंडी-पिल्ले असतील तर त्यांनाही सोडून. येताना त्याचे उडते चित्र छान मिळते. चित्राखाली 'हाक वाजवून' असे कुणी लिहीत नाही. लिहिणे बंधनकारक केले तर अशी चित्रे किती उरतील, हे पाहण्यासारखे आहे. २०१८ मध्ये रानपिंगळ्याचे जागतिक वर्गीकरण 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असे एक पायरी सुधारले. नवी ठिकाणे सापडली हे त्याचे कारण. पक्षी निर्धास्त झाला असा त्याचा अर्थ नाही.

इथे आमच्याच मागणीत एक अडचण उभी राहते, ती लपवण्यात अर्थ नाही. चित्राखाली ठिकाण हवे असे आम्ही म्हणतो, आणि ठिकाण छापले की तिथे गाड्या उभ्या राहतात. आमच्या मते नोंद पूर्ण करावी, पण सगळी छापू नये. वहीत आणि अभ्यासकांच्या संग्रहात नाल्याचे नावही असावे; भिंतीवरच्या चित्राखाली तालुका आणि महिना पुरे. घरट्याजवळची जागा असेल तर जिल्ह्यावर थांबावे.

आता कुणी म्हणेल, अहो, या झगमगीत चित्रांमुळेच मुले पक्ष्यांकडे वळतात. तुमचे पंखाखालचे पट्टे कोण पाहणार? हे अगदी खोटे नाही. घुबड म्हणजे अशुभ असे मानणाऱ्या घरात घुबडाचे देखणे चित्र लागते ही लहान गोष्ट नव्हे. आम्ही ते चित्र काढून टाका म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरे लावा म्हणतो. किंबहुना एकाऐवजी मालिका लावा. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला आणि उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे घेतली. त्यातले एकेक चित्र पोस्टाच्या तिकिटाहून लहान आणि अंधुक. पण पंख वर-खाली जाताना नेमका कसा वळतो हे त्यांनी उलगडले. मारेला सुंदर क्षण नको होता, दोन क्षणांमधला फरक हवा होता.

हे आज कुठल्याही शाळेला जमेल. शेताकडेच्या तारेवर बसणारी कापशी धुळे-जळगावच्या रस्त्यांवर नेहमीची आहे. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि खाली उंदीर शोधते. मोबाइलवर तिचे चलत्‌चित्रण करून एकेक चौकट थांबवून पाहा. पंख हलतात, शेपूट उघडते-मिटते, वाऱ्याने अंग सरकते. डोके मात्र जागच्या जागी राहते, जणू खिळ्याला टांगले आहे. डोळ्याला खालचा उंदीर स्थिर दिसायचा तर डोके स्थिर हवे. स्पर्धेतले चित्र पंख गोठवते. पंख पुसट आणि डोके रेखीव असलेले, संथ पडद्याचे चित्र हा सगळा प्रकार एका नजरेत सांगते, आणि परीक्षक त्याला 'हललेले' म्हणतील.

घारीवरचा एक प्रयोग इथे देतो; भाजीबाजार किंवा गावाबाहेरचा उकिरडा जवळ असलेल्या कुठल्याही शाळेत तो होईल. घारीचा पंखविस्तार साधारण १.४ मीटर असतो. तेवढ्याच लांबीचा बांबू कापून घ्यावा. एका मुलाने तो मैदानात आडवा धरावा आणि दहा मीटरांवरून मोबाइलने त्याचे चित्र घ्यावे. चित्र मोठे करण्याची सोय वापरू नये. मग डोक्यावरून जाणाऱ्या घारीची त्याच मोबाइलने, तशीच चित्रे घ्यावीत. दोन्ही चित्रे एकाच मापात छापावीत, काहीही न कातरता, आणि पट्टीने मोजावे. बांबू ६ सेंटिमीटर आणि घार १ सेंटिमीटर भरली तर घार ६० मीटर उंचीवर होती. पंख पूर्ण उघडलेले आणि पक्षी बरोबर माथ्यावर असतानाची चित्रेच धरावीत, कारण तिरक्या पंखाची लांबी कमी भरते आणि उंची जास्त येते. सगळ्या घारी एकाच मापाच्या नसतात, त्यामुळे दहा टक्क्यांची चूक गृहीत धरावी. ती का येते हेही मुलांनाच विचारावे. सकाळी आठ, दहा आणि बारा वाजता मोजमाप घेऊन तापमानाशेजारी लिहिले की जमीन तापण्याचा आणि घारी वर चढण्याचा संबंध आलेखावर उतरू लागतो. चित्रांत घार तांदळाच्या दाण्याएवढी असेल. तिचा डोळा दिसणार नाही.